तुडवणाऱ्याचा पाय

"कापायचा न्हाय म्हणलं की न्हाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अव्वाकडे, म्हणजे आईकडे, आणि अव्वानं पदर तोंडाला लावून खाली फरशीकडे. आमच्या घरात एवढ्यावर विषय संपतो.

डॉक्टरीण बाई मला वॉर्डाबाहेर घेऊन आल्या. वयानं माझ्याहून लहान असतील. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बोलणं सरळ. "हे बघा सिद्धेश्वरीताई, आज गुडघ्याखाली कापून कदाचित भागेल. उद्या वर जावं लागेल. त्याच्या पुढचं मला विचारू नका. विष रक्तात पसरलं की माझ्या हातात काही राहत नाही. त्यांना समजवा."

समजवा! आल्यापासून मी दुसरं काय करत होते? गोड बोलून झालं, रडून झालं, भांडून झालं. पाय धरायचे तर तेही धरवत नव्हते. उजव्या पायाचा अंगठा काळा ठिक्कर पडला होता, काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता, आणि चादर जरा सरकली की शेजारच्या खाटेवरचा माणूस नाकाला टॉवेल लावायचा. वडिलांचा असा वास येतो तेव्हा लाज वाटते, आणि लाज वाटली म्हणून स्वतःची किळस येते. हे मला आता कळलंय, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

अप्पांचं म्हणणं काय होतं, ते सांगते. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरतात तेही आडवं करून नाही, मांडी घालून बसवून. आजोबांना तसंच बसवलं, पणजोबांना तसंच. अप्पा म्हणायचे, "एका पायानं मांडी कशी घालू? मला मातीत लंगडं बसवणार व्हय गं? सत्तरी गाठली, आता जाऊ दे मला हाय तसं."

"मातीची एवढी घाई कुणाला झालीय?" मी ओरडले होते. "जिवंत माणसानं आधी खुर्चीवर बसायचं बघावं!" त्यावर अख्ख्या वॉर्डानं माझ्याकडे पाहिलं. बघू दे. माझा बाप मरत होता आणि तो कसं बसून मरायचं याचा विचार करत होता.

आमचं घर शुक्रवार पेठेत. खालच्या खोलीत अप्पा जेन करतात. जेन म्हणजे लोकरीचं जाड बसकर. मठातले स्वामी घेतात, गुडघे दुखणारी म्हातारी माणसं घेतात, पूजेला बसायला घेतात. घोंगडी विणतात, जेन विणत नाहीत, तुडवतात. मेंढीची लोकर पिंजायची, पोत्यावर सारखी पसरायची, वर साबणाचं कढत पाणी शिंपडायचं, गुंडाळायचं आणि पायांनी तुडवत राहायचं. तुडवून तुडवून लोकरीचा केस न् केस एकमेकांत अडकतो आणि मग ओढलं तरी सुटत नाही. पाणी गार असेल तर लोकर धरत नाही, फार कढत असेल तर आखडून गाठी होतात. ते किती गरम हवं हे अप्पांचा तळवा सांगायचा. अव्वा तांब्यानं पाणी घालायची आणि अप्पा तुडवता तुडवता म्हणायचे, "इन्नू हाकू." अजून घाल. मनासारखं झालं की म्हणायचे, "साकू." पुरे. दोघं काम करायची कानडीत आणि भांडायची मराठीत. माझं लहानपण या हाकू-साकूच्या तालावर गेलं.

अप्पांना शुगर आहे. गोळी लक्षात राहिली तर घेतात, नाही राहिली तर त्याची कोणाला खबर नसते. एके दिवशी ते पायमोजा घालून हिंडायला लागले. अप्पा आणि पायमोजा! मी विचारलं तर म्हणाले, "काच लागलीया वाईच." मी वर माझ्या खोलीत कामात. काच लागली म्हणाले, मी म्हटलं लागली असेल. मोजा काढायला लावला तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरीण बाई बघताक्षणी म्हणाल्या, काच कुठली, हे भाजलंय. अप्पांनी त्यांनाही काचच सांगितली, आणि अव्वा गप्प राहिली. त्या दिवसापासून ती जेवत नव्हती. नवऱ्याच्या काळजीनं, असं मला वाटत होतं.

माझं कामही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. बी.एड. करूनही कायमची नोकरी कुठे लागली नाही, म्हणून मी घरी बसून परदेशातल्या एका कंपनीसाठी इंग्रजीत लिहिते. ती कंपनी लोकांची आडनावं कपांवर आणि चौकटींवर छापून विकते, सोबत त्या आडनावाचा इतिहास. तो इतिहास लिहायचा मी. एक आडनाव, एक पान, आणि शेवटचं वाक्य आनंदी हवं अशी त्यांची अट. इंग्लंडातल्या सुतार-कुंभारांच्या आडनावांचे जन्म सोलापुरात शुक्रवार पेठेच्या माडीवर होतात, हे त्या कप घेणाऱ्यांना कोण सांगणार!

त्या दुपारी अप्पांच्या उशाशी बसून मी लॅपटॉप उघडला. समोरचं आडनाव होतं फुलर. मन नव्हतं, पण हात रिकामे ठेवले तर मी कोणाच्या तरी अंगावर धावून गेले असते.

"काय बडवतीस गं मगाधरनं?" भिंतीकडे तोंड करूनच अप्पांनी विचारलं.

"काम."

"कसलं?"

सांगू नये असं वाटलं, मग सांगितलं. "इंग्लंडात फुलर आडनावाची माणसं आहेत. त्यांचा पूर्वज तुमचंच काम करायचा. लोकरीचं कापड ओलं करून पायांनी तुडवायचा."

अप्पांनी मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याकडे वळले होते. "इंग्रज तुडवत व्हते?"

"तुडवायचे ना. मोठ्या लाकडी टबात कापड घालायचे आणि आत उतरून दिवसभर नाचल्यासारखं तुडवायचे. विणलेलं कापड विरविरीत असतं, तुडवलं की दाट होतं. शिवाय लोकरीतला मेणचटपणा जायला हवा, म्हणून त्यात घालायचे..." मी थांबले.

"काय घालायचे?"

"शिळं मूत."

अप्पा हसले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत. "मुतात? इंग्रज? आमी बरं की मग, आमचं साबणाचं पानी!" अव्वाकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का, तुजं पानी लई बरं म्हण." अव्वा हसली नाही.

मला जोर आला. इतके दिवस डॉक्टरीण बाईंचं शास्त्र त्या कानांत शिरत नव्हतं, हे शिरत होतं. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि सांगायला लागले. मूत मागे पडलं, तशी एक माती वापरायला लागले. ती आपल्याकडची मुलतानी माती, पोरी तोंडाला फासतात ती. तिच्या पुडीवर इंग्रजीत अजूनही फुलरची माती असंच छापलेलं असतं. आणि आडनाव कसं पडलं, तर गावात चार-चार विल्यम असायचे. कोणी विचारायचं, कुठला विल्यम? लोक म्हणायचे, तुडवणारा. त्याच्या पोरालाही तेच, नातवालाही तेच. दक्षिणेकडे त्याला फुलर म्हणत, उत्तरेकडे त्याच कामाचं दुसरं नाव, पश्चिमेला तिसरं. एकाच घामाची तीन आडनावं.

"अजून तुडवत्यात?"

"कुठलं! आठशे वर्षांपूर्वीच पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले. माणसाच्या पायांचं काम तेव्हाच सुटत गेलं. पुढं तर गिरण्याच आल्या."

"आन् नाव?"

"नाव तसंच. आज कोणी फुलर दातांचा डॉक्टर आहे, कोणी बँकेत बसतो. पाणी कधी पायाला लागलेलं नाही, पण फुलर." मग मला वाटलं, हीच वेळ आहे. मी पुढे वाकले आणि म्हणाले, "बघा ना अप्पा. पाय थांबले म्हणून त्यांचं काही गेलं नाही. नाव राहिलं. तुमचा पाय गेला तरी तुम्ही तुडवणारेच राहणार. हो म्हणा. माझ्यासाठी हो म्हणा."

अप्पांनी छताकडे नजर लावली. मी देवाला नवस बोलायच्या बेतात होते.

"त्यास्नी नाव हुतं, सिद्धू," ते म्हणाले. "आपलं नाव काय?"

"मंद्रूपकर."

"मंद्रूपात आपलं काय हाय? घर न्हाय, रान न्हाय. आज्यानं कवाच सोडलं त्ये. म्या जलमभर जेन तुडवलं, त्ये आपल्या नावात कुटं हाय? आधार कार्डावर हाय? दारावर हाय?" त्यांनी चांगला असलेला डावा पाय चादरीतून बाहेर काढला. तळवा दगडासारखा झालेला, भेगांत लोकरीचा काळा मेणचटपणा बसलेला, कितीही घासला तरी न निघणारा. "हितं हाय. हितंच हाय फकस्त. पाय कापला की म्या कुनीबी. मंद्रूपचा कुनीतरी म्हातारा. न्हाय कापायचा."

असं माझं शहाणपण. इतके दिवस त्यांच्याकडे नकाराला एक कारण होतं, मी दुसरं हातात आणून दिलं. मला त्या कंपनीचा राग आला, त्या फुलरचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पण बाहेर पडला तो अप्पांवर. "मग मरा!" मी म्हणाले. "बसा तिथं मांडी घालून! आणि आम्ही दोघींनी काय करायचं ते पण सांगून जा!" माझा आवाज फाटला आणि मी रडायला लागले. वॉर्डातली शांतम्मा मावशी पोछा थांबवून बघत राहिली.

तेव्हा अव्वा बोलली.

"पाय म्या जाळला," ती म्हणाली.

मला वाटलं, उपाशीपोटी भ्रमली. अप्पा झटकन म्हणाले, "गप बस, चंद्रव्वा."

"का गप बसू? लई दीस बसले." ती माझ्याकडे वळली, पण बोलत होती त्यांच्याशी. "काच न्हाय न् काय न्हाय. जेन तुडवत हुते. म्या पानी घालत हुते. ह्यांनी म्हणलं इन्नू हाकू, म्या घातलं. परत म्हणलं इन्नू हाकू, गार लागतंय. म्या चुलीवरनं उतरवून तसंच उजव्या पायापाशी घातलं. साकू म्हणायचं नावच न्हाय. वाफा निघत हुत्या गं! माझ्या हाताला तांब्या धरवंना. तरी म्या घालतच ऱ्हायले."

शुगरनं तळव्याची जाणीव गेली होती. ती गेली हे तळव्याला कळलं नव्हतं, अप्पांना नाही, अव्वाला नाही. आणि मी वर कानात बोंडं घालून इंग्रजांच्या आडनावांत.

"वाफ दिसत हुती तर का घातलंस?" अप्पांनी विचारलं. रागानं नाही, अगदी हळू. बहुतेक हा प्रश्न त्यांनाही तेव्हाच पडला असावा.

"तुमचा पाय कवा चुकला न्हाय म्हनून," अव्वा म्हणाली. "माझा हात चुकंल, तुमचा पाय चुकायचा न्हाय. माझं लगीन झाल्यापास्नं म्या असंच धरून चालले."

अव्वानं पदर सोडला. पहिल्यांदाच तिचं पूर्ण तोंड दिसलं, ओठ सुकून तडकलेले. "तुमी बसाल मातीत मांडी घालून. लोक म्हणतील, पुरा माणूस गेला. आन् म्या? म्या मारला की तुमास्नी. त्यो तांब्या घेऊन म्या कुटं जाऊ? तुमी जगलात तर निदान शिव्या तरी द्याल."

वॉर्डात पंखा खडखडत होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं नाकावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला होता.

"तू न्हाय जाळलास," अप्पा म्हणाले. "साकू म्या म्हणायचं असतंय. त्ये माझं काम." मग त्यांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, "बोलीव त्या बाईस्नी. पर पाय कचऱ्यात टाकायचा न्हाय म्हनावं. माझा पाय माझ्या मातीत. तुज्या आज्याच्या शेजारी."

मी पळतच गेले. पण काळेपणा आमच्यासाठी थांबला नव्हता. संध्याकाळी कमरेखाली भूल देऊन पाय कापला, तेव्हा गुडघा वाचला नाही, वरून कापावा लागला. डॉक्टरीण बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "धोका टळला असं मी म्हणणार नाही. ताप उतरायला हवा. आणि डावा पायही बधिर आहे, हे विसरू नका." मी मान हलवली.

सकाळी त्यांनी पाय आमच्या ताब्यात दिला. पाय एवढा जड असतो, हे मला माहीत नव्हतं. अव्वानं घरून ते जेन आणलं होतं, त्या दिवशीचं, अर्धंच तुडवलेलं. एका बाजूला लोकर घट्ट धरलेली, दुसऱ्या बाजूला नुसती पिंजलेली, हात लावला की केस सुटून येत होते. त्यातच पाय गुंडाळला आणि रिक्षानं आम्ही रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत गेलो. रिक्षावाल्यानं काय आहे विचारलं, मी म्हटलं बसकर.

खड्डे खणणारा तिप्पण्णा कुदळ घेऊन उभा होता. गुंडाळी बघून तो गोंधळला. "कुनाचं?"

"निंगप्पाचं," मी अप्पांचं नाव सांगितलं. "पाय आहे. माणूस दवाखान्यात आहे."

"कुटला निंगप्पा? हितं निंगप्पा लई."

मी सवयीनं तोंड उघडलं, "मंद्रूप..."

"तुडवणारा निंगप्पा," अव्वा म्हणाली.

"व्हय, व्हय," तिप्पण्णा म्हणाला. "त्यो व्हय! मग त्येंच्या बापाशेजारी." आणि त्यानं कुदळ मारली.

"रुंद खण," अव्वानं सांगितलं. "ह्यांचं बाकीचं मागनं येनार हाय. बसाया जागा ठेव."

खड्डा झाला. गुडघा सोबत आला होता, म्हणून पाय दुमडता आला. अव्वानं स्वतः खाली उतरून तो मांडी घातल्यासारखा ठेवला, दोनदा सारखा केला, आणि तेच अर्धवट जेन त्याच्यावर पांघरलं. वर आल्यावर तिनं सोबत आणलेली कळशी पुढे ओढली. त्यात घरून तापवून आणलेलं पाणी होतं. गार पाणी पायावर घालायचं नाही, असं तिनं पहाटेच मला बजावलं होतं.

ठरल्याप्रमाणे मी वॉर्डात शांतम्मा मावशीला फोन लावला. तिनं तो अप्पांच्या कानाला धरला. मी आवाज मोठा करून फोन खड्ड्यावर धरला. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, तापातला, धापा टाकणारा.

अव्वानं तांब्या बुडवला. घालण्याआधी दुसरा हात त्यात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच धरून ठेवला. मग पाणी लोकरीवर सोडलं. दुसरा तांब्या बुडवला, पुन्हा हात घातला, पुन्हा सोडलं. लोकर पाणी पीत होती. पाणी पडल्याचा आवाज फोनमधून पलीकडे जात असणार, कारण श्वास मध्येच अडखळला.

"इन्नू?" अव्वानं फोनकडे न बघता विचारलं.

उत्तर आलं नाही. ती तांब्या हातात धरून वाट बघत राहिली. मला वाटलं, फोन कट झाला, किंवा दुसरंच काही झालं. मी फोन कानाशी नेणार, तेवढ्यात अप्पांचा आवाज आला, अगदी बारीक.

"साकू," ते म्हणाले. "साकू, चंद्रव्वा."

अव्वानं तांब्या खाली ठेवला आणि तिप्पण्णाला माती ओढायला सांगितली.